नाही म्हणायला

फायलीत चार फोटो आहेत. रंगीत.
आत इतकं गुलाबी असतं, ठाऊक नव्हतं मला.
रंगाच्या कढईतून नुकतं काढलेलं ओलं रेशीमच,
आणि तिसऱ्या फोटोत एक जागा
जिथं धोटा हुकलाय.

आठ मिलीमीटर, असं लिहिलंय.
खासबागेतल्या खिडकीपाशी टेप धरून बघितलं:
डाळीचा दाणा. हरभऱ्याची, तुरीची नव्हे.
तळ पांढरट. काठ उचललेले.
काठ!
चौतीस वर्षं मी काठच विणले.
साडीचा काठ उठून दिसला तर मजुरी जास्त.
इथं उठून दिसला
म्हणून चिमट्यानं चार तुकडे काढले.

नळी घालताना दातांत प्लास्टिकची कडी होती.
नर्सबाई सारखी म्हणायची, उसिरु तगोळ्री अक्का, उसिरु.
तोंडात तेव्हा कुठलीच भाषा मावत नव्हती.
श्वास मी कन्नडातच घेतला.
आला.

तुकडे हुबळीला गेलेत, बाटलीतून.
बाटलीवर अनसूयाचं अनुसव्वा झालंय.
हुबळी मी अजून बघितलेली नाही.
माझ्याआधी मीच जाऊन पोचले,
तेही दुसऱ्या नावानं.

पट्टणशेट्टी डॉक्टरांनी कागद उजेडाकडं धरला.
पोरवाल गादीवर साडी धरतो, अगदी तस्सा.
पोरवालचं मला वाचता येतं:
डावी भुवई हलली की चाळीस रुपये कापणार.
डॉक्टरांना भुवया दोन आहेत,
हलत नाहीत.
पिवळी टिकली मात्र त्यांनी दाखवली,
माझ्या पोटातला कण तिच्यावर ठेवलेला,
बघता बघता गुलाबी झाली.
जंतू आहेत, म्हणाले. चौदा दिवसांच्या गोळ्या.
जंतू आहेत म्हटल्यावर कुणाला एवढा आनंद झाला असेल?
रिक्षात बसेपर्यंत मी त्या टिकलीवरच जगले.

मग शेवटची ओळ. रूल आऊट, आणि पुढं लांब शब्द.
प्रज्वलला फोनवर विचारलं, म्हणजे काय रे?
‘म्हणजे, तसलं काही नाही म्हणायला, आई.’
नाही म्हणायला.
आपण बोलतो ते मला माहीत आहे:
नाही म्हणायला शेरभर ज्वारी आहे डब्यात.
नाही म्हणायला एक भाऊ आहे गडहिंग्लजला.
नाही म्हणायला, म्हटलं
की थोडंसं असतंच की रे.
तो गप्प बसला. मागं पुण्याचे हॉर्न.

निंगव्वा दारातूनच विचारते,
‘गाठबीठ नाही नव्हं?’
गाठी तर मी रोज मारते, बाई.
धागा तुटला, गाठ.
ताणा संपला की जुन्या टोकाला नवं टोक,
थुंकी लावून, अंगठ्याखाली पिळून,
चोवीसशे गाठी दोन दिवसांत,
तेव्हा कुठं माग पुढं चालतो.
आमच्यात गाठ म्हणजे अजून संपलेलं नाही.
हे तिला सांगत बसत नाही.
‘गुरुवारी कळतंय’, म्हणते,
आणि गुरुवार हा शब्द तिच्या उंबऱ्यावर
दुधाच्या पिशवीसारखा ठेवून आत येते.

दुपारी तीनला करंट जातो.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात,
आणि कान दुखावा इतकं शांत होतं.
पोटावर हात ठेवून ऐकते.
आतली जागा काही बोलत नाही.
फक्त भूक. साधी, ओळखीची,
सकाळच्या चहानंतरची भूक.
तिच्याबद्दल रिपोर्टात काहीच लिहिलेलं नाही.

दहीभात कालवते, मिरची न घालता.
भिंतीवरच्या कॅलेंडरात आज शनिवार.
पहिला घास अजून हातातच,
आणि करंट येतो.